पांढऱ्या डोळ्यांची पाखरं

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. दारव्ह्याच्या बाजारात आमच्या अब्बांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी गोड बोलायला अब्बा आणि भांडायला मी, अशी आमच्यात लहानपणापासूनची वाटणी. पंपाचं वायसर बदलणं, नोझलमधला कचरा फुंकून काढणं हे मला भाकरीच्या आधी आलं. पुढं मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि बोरी अरबच्या अलीकडं, भाड्याच्या एका शेडमध्ये उघडलेल्या लहानशा संशोधन केंद्रात कामाला लागले. काम काय, तर अळ्या पाळायच्या. अब्बांना सांगितलं तेव्हा हातातला पाना खाली ठेवून ते पोट धरून हसले. "सारी दुनिया इल्ली मारने के पीछे पडी है, और हमारी बेटी पालने बैठी है!"

ती गुलाबी बोंडअळीची वर्षं होती. बीटी कपाशीला ही अळी शिवत नाही असं सगळे सांगत होते, आणि मग ती शिवली. वरून बोंड हिरवंगार, टणक; फोडलं की आत कुजकी सरकी आणि तिच्यात आरामात पडलेली गुलाबी अळी. माणसं घाबरली. या डब्यातलं विष त्या डब्यात मिसळून, कपाळाच्या वर गेलेल्या कपाशीत शिरून फवारू लागली. त्या हंगामात जिल्ह्याच्या दवाखान्यात खाटा पुरेनात. काही जण परत आले नाहीत, काही आले ते अर्धे आले. अब्बांच्या दुकानात पंपांची रांग मात्र मोठी होती. अब्बा त्या दिवसांत रात्री जेवताना बोलत नसत.

आमचे सर नागपूरहून यायचे. हुशार माणूस, दिवसभर चहावर राहणारा, बोलताना समोरच्याकडं न बघता त्याच्या खांद्यापलीकडं बघणारा. त्यांनी मला पहिल्या दिवशी काम समजावलं ते असं: प्रत्येक जिवाच्या आत जीन असतात, घरातल्या मोठ्या माणसासारखे. ते आतल्या खोलीत बसून हुकूम सोडतात. हुकूम घेऊन निघालेल्या माणसाला आपण वाटेतच अडवायचं. मोठा माणूस आहे तिथंच, हुकूमही सुटला, पण काम होत नाही. हे अडवायचं काम करतो तो आरएनएचा एक दुहेरी धागा. आम्ही त्याला सरळ औषध म्हणायचो. अळीच्या खाण्यात मिसळून द्यायचं.

"म्हणजे अळी मरते?" मी विचारलं.

"मरायची गरजच नाही," सर म्हणाले.

तेच मला शेवटपर्यंत झेपलं नाही. विष दिलं की अळी तडफडते, काळी पडते, आपल्याला कळतं काय झालं ते. इथं तसं काहीच नव्हतं. आम्ही बंद करत होतो तो अंड्यात बलक भरणारा जीन. औषध खाल्लेली अळी खायची, वाढायची, गुलाबी व्हायची, कोष करायची, पाखरू होऊन निघायची, जोडीदार शोधायची, अंडी घालायची. सगळं रीतसर. फक्त अंडं रिकामं, आणि ते तिला ठाऊक नाही. औषध लागू पडलं की नाही हे आपल्याला ओळखता यावं म्हणून सरांनी सोबत आणखी एक धागा दिलेला होता, तो डोळ्याचा रंग बंद करायचा. औषध लागलेलं पाखरू ओळखायचं ते डोळ्यावरून. साध्या पाखराचा डोळा काळा, याचा पांढरा.

पाखरांच्या खोलीत लाल दिवा असायचा. त्या लाल उजेडात भिंगाखाली ते दोन पांढरे ठिपके आपल्याकडं बघतात असं वाटायचं, आणि बघत तर नसायचेच. मी दार लावून बाहेर आले की आधी नळाखाली हात धुवायची, मग चेहरा, मग पुन्हा हात. घरी चहा करायचा कंटाळा करणारी मी, तिथं मात्र अळ्यांसाठी हरभऱ्याचं पीठ न् सरकीचं पीठ शिजवून डब्यांत थापत होते. एका डबीत एक अळी. खोलीभर डब्या, आणि आवाज कसला म्हणून नाही. या अल्ला, काय शांतता होती ती! मी मुद्दाम भांडी आपटायची.

शेडमागं आम्ही जाळीघर केलं होतं. आत कपाशी लावलेली. लहानपणी औषध खाल्लेल्या अळ्या तिथं बोंडांवर सोडायच्या आणि पुढं काय होतं ते बघायचं. जाळीघरात निंदणं, पाणी देणं हे काम जवळच्या बंजारा तांड्यातली एक बाई करायची. सगळे तिला याडी म्हणायचे, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी पण याडीच म्हणायची. पन्नाशीची, काटक, तोंडानं माझ्याहून तिखट. आमचं दोघींचं जमलं ते त्यामुळंच. ती मला "कोर" म्हणायची, म्हणजे त्यांच्यातली नाही अशी, आणि वर स्वतःच्या डब्यातली भाकर अर्धी करून द्यायची.

तिचं वावर आमच्या जाळीघराला लागून होतं, मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. सरांची अट होती की आमचा प्रयोग चालू आहे तोवर त्या वावरात फवारणी होता कामा नये. वाऱ्यानं विष आमच्या अळ्यांवर यायचं. दुसऱ्या कुणी ही अट ऐकून शिवी घातली असती. याडी लगेच हो म्हणाली. तिचं कारण वेगळं होतं.

तिचा नवरा त्या वाईट हंगामात फवारणीला गेला होता. पंप पाठीवर गळत होता, सदरा ओला झाला, त्यानं काम सोडलं नाही. संध्याकाळी धुऱ्यावरच पडला. दवाखान्यातून जीव घेऊन आला, पण डोळे गेले. अगदी काळोख नाही, पांढुरकं धुकं दिसतं म्हणायचा. त्याला सगळे बापू म्हणत. घरी आल्यावर त्यानं एकच गोष्ट केली. तरण्या पोराला समोर बसवलं, त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली, की या घरात पुन्हा कोणी पंप पाठीवर घ्यायचा नाही. पोरानं शपथ घेतली. याडीनं ती मनात धरली. आमच्या औषधाचं तिला एवढंच पडलं होतं: हे खरं निघालं तर पोराला पंप उचलावा लागणार नाही. रोज कामावर आली की पहिलं विचारायची, "काय म्हणते वं तुही अळी?"

एक हंगाम तसा गेला. तिचं अर्धं पीक अळीनं खाल्लं, तरी तिनं अट मोडली नाही. हिवाळा सरता सरता जाळीघरातली कपाशी संपली. सरांनी फोनवरून सांगितलं, सगळी पऱ्हाटी उपटा आणि तिथंच जाळून राख करा. मी तेव्हा बहिणीच्या लग्नाला उमरखेडला होते. आले तर जाळीघर मोकळं, मधे काळा डाग, राख. सर खूश.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची झाडं, कुणी वावरात जाळत नाही. ते वर्षभराचं सरपण. बायका उपटून, पेंढ्या बांधून डोक्यावर घरी नेतात, कुडाच्या भिंतीला लावून रचतात, आणि पावसाळ्यात चूल त्याच्यावर पेटते. चांगली वाळलेली पऱ्हाटी जाळून टाक म्हणणं म्हणजे याडीच्या हिशेबी ताटातली भाकर उकिरड्यावर टाक म्हणणं. तिनं आणि सोबतच्या बायकांनी पालापाचोळा गोळा करून काडी लावली, धूर निघाला, राख झाली. झाडं डोक्यावर बसून तांड्यात गेली. कुणाला फसवलं असं त्यांच्या मनातही आलं नाही. आणि त्या झाडांना चिकटलेल्या कवड्यांमध्ये, म्हणजे न उमललेल्या किडक्या बोंडांमध्ये, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत, आमच्या अळ्या झोपलेल्या होत्या.

आषाढ लागला तेव्हा याडी एका दुपारी शेडवर आली. नेहमीसारखी दारातून ओरडली नाही. आत येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

"बाई, माह्या घरात पाखरं निघून राह्यली."

"पावसाळ्याचे दिवस हायत. निघतीनच."

"दिव्यावर येत नाही वं ते."

मी संध्याकाळी तिच्यासोबत गेले. तांड्यात वीज नव्हती. तिच्या घरात खुंटीला कंदील टांगलेला, ज्योत मोठी केलेली. आणि कंदिलाभोवती काही म्हणजे काही नव्हतं. कपाशीच्या मुलखात, पावसाळ्यात, सांजवेळी, पेटलेला दिवा आणि त्याच्याभोवती एक चिलट नाही! मग नजर सरावली आणि भिंती दिसल्या. मातीच्या रंगाची, नखाएवढी पाखरं जागोजाग बसलेली होती. अंधाऱ्या बाजूलाही होती, उजेडातही. मी कंदील हातात घेऊन जवळ नेला, ती हलली नाहीत. बोट लावलं तेव्हा एक उडालं, सरळ कुडावर धडकलं, खाली पडलं, पुन्हा उडालं, पुन्हा तिथंच धडकलं.

बापू कोपऱ्यात बाजेवर बसला होता. त्याच्या खांद्यावर पाखरं होती, गुडघ्यावर होती, एक भुवईवर होतं. तो झटकत नव्हता. मी पुढं होऊन हात वर केला तर म्हणाला, "बसू दे वं बाई. आंधळ्याच्या घरी आंधळेच येतीन."

"तुले कसं कळलं बापू, का हे आंधळे हायत म्हणून?"

"आवाजावरून. उडाले का धडकतात. मी बी पहिले पहिले असाच धडकत होतो."

माझ्या पिशवीत भिंग होतं. बापूच्या बाहीवरचं एक पाखरू डबीत घेतलं आणि कंदिलाशी धरलं. दोन पांढरे ठिपके. दुसरं घेतलं, पांढरे. तिसऱ्याचे काळे; ते औषध न लागलेलं, नुकतंच कोषातून निघालेलं. चौथ्याचे पुन्हा पांढरे. मी भिंग खाली केलं आणि भिंतीला लागून रचलेली पऱ्हाटी मला तेव्हा दिसली.

"याडी," मी म्हटलं, "हे कुठली?"

"कुठली म्हंजे? जाळीतली."

माझं डोकं सटकलं. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण तांड्यातली कुत्री भुंकायला लागली एवढं आठवतं. याडीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाळाले जीव नाही झाला माहा. एवढी चांगली पऱ्हाटी. मरून गेली असन म्हटलं अळी, आता तिचं काय राह्यलं." आणि जवळ सरकून, बापूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "बाई, खरं सांग. ह्यायच्या डोळ्यात गेलं ते न् पाखरायच्या डोळ्यात गेलं ते, एकच हाय का?"

मी नाही म्हटलं. ते विष होतं, हे तसं नाही. हा धागा फक्त या अळीला लागू पडतो, माणसाला नाही, ढोराला नाही. मी हे धडाधड सांगितलं, आणि सांगता सांगता माझाच आवाज मला पाठ केलेल्या धड्यासारखा वाटला. तिच्यामागं चूल पेटलेली होती, त्याच पऱ्हाटीवर. कित्येक दिवसांच्या भाकरी तिनं तिच्यावर भाजल्या होत्या. धूर आढ्याला लागून फिरत होता आणि बापू आपले पांढुरके डोळे उघडे ठेवून त्या धुराकडं तोंड करून बसला होता. मी सांगितलं ते खरंच होतं. पण त्या घरात ते खरं पुरत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तांड्यातल्या बायका तिच्याकडं विस्तव मागायला येईनात. पोरांना त्या बाजूनं जाऊ देईनात. कुणी भांडलं नाही, कुणी दगड मारला नाही. फक्त तिच्या अंगणाभोवतीची वर्दळ थांबली. याडी तोंडानं एवढी फटकळ, पण ते तिला लागलं. मला म्हणाली, "लोकं माह्या घराकडं पाहून चूप बसून राह्यले. शिव्या देतीन तं बरं."

सरांना कळवणं भाग होतं. मला वाटलं आता हे संतापतील, प्रयोग बंद करतील. ते दुसऱ्याच दिवशी आले, वाकून घरात शिरले, गुडघ्यावर बसले, भिंग डोळ्याला लावलं, आणि हसले. मी त्यांना कधी इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. औषधाचा परिणाम थोड्या दिवसांत ओसरतो असं तेच मला सांगत आले होते. अळी सगळा उन्हाळा झोपून राहिली, उठली, पाखरू झाली, आणि तरी डोळा पांढरा.

"झोपेतही टिकलं!" ते म्हणाले. "असं होत नसतं." ते बापूच्या बाजेच्या काठावर बसले आणि त्याच्या खांद्यावरची पाखरं बघू लागले. "बाबा, जरा हलू नका हं."

बापू हलला नाही. त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर भिंग होतं, आणि सर पाखराचा डोळा बघत होते.

"सर," मी म्हटलं, "हे घर आहे. आपलं जाळीघर नाही."

ते दचकले, उठले, सॉरी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आनंदानं त्याला भान राहिलं नव्हतं. पण मला त्या क्षणी त्याची किळस आली, आणि मी ती लपवलीही नाही.

मग त्यांनी सांगितलं की पऱ्हाटी हलवू नका. आहे तिथंच जाळीनं झाका, आम्ही पाखरं धरून नेऊ. याडी पदराला हात पुसत ऐकत होती.

"साहेब, यायच्या अंड्यातून अळी निघन का?"

"तेच बघायचंय."

"नाही निघाली तं?"

"तर औषध खरं."

तिचा चेहरा एकदम उजळला. मी तिथल्या तिथं तिला म्हटलं, "याडी, खरं निघालं तरी वावरात यायले लय वेळ हाय त्याले." तिनं मान हलवली. ऐकलं नाही असं नाही. ऐकलं आणि बाजूला ठेवलं. "मंग ठेवा जाळी," ती सरांना म्हणाली.

मी दारव्ह्याहून कंदिलाच्या दोन काचा आणल्या. कपाशीची कोवळ्या कळ्या असलेली फांदी पाण्याच्या बाटलीत खोचायची, तिच्यावर काच ठेवायची, आत पाखरांची जोडी सोडायची, वरून मलमलीचं फडकं बांधायचं. एका काचेत पांढऱ्या डोळ्यांची जोडी, दुसऱ्या काचेत काळ्या. अशा बऱ्याच काचा शेडमध्येही लावल्या होत्या, पण या दोन याडीनं हट्टानं स्वतःच्या घरात, चुलीपासून लांब कोनाड्यात ठेवून घेतल्या. तिला सांगितलं होतं: अंडं आधी पांढरं असतं. लाल झालं की समजायचं, आत जीव आहे.

ते दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत. बाई आपल्या घराच्या कोनाड्यापुढं उभी आहे आणि अंड्यात जीव नको म्हणून बघते आहे. बायामाणसं दुसऱ्यासाठी, ढोरांसाठी, कोंबडीसाठी सुद्धा उलटं मागतात. तिलाही ते जाणवत असावं. एकदा मला म्हणाली, "पाप लागन का वं, असं मांगतलं तं?" मी काचेवरचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. बापू बाजेवरून रोज विचारायचा, "लाल झालं का?" आणि ती म्हणायची, "नाही." पोरगा दाराशी उभा राहून ऐकायचा. उंच, अबोल पोरगा. माझ्याशी कधी दोन वाक्यं बोलला नाही.

काळ्या डोळ्यांच्या काचेतली अंडी लाल झाली आणि फुटली. केसाएवढ्या अळ्या बाहेर आल्या. पांढऱ्या डोळ्यांच्या काचेतली अंडी तशीच राहिली. मग मधे दबली, पोचट ज्वारीसारखी झाली. मी भिंगानं बघितलं, शेडमधल्या काचांतही तेच होतं, आणि मी याडीला सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी माझे गाल धरले. तांड्याकडं तोंड करून मोठ्यानं ओरडली, "या वं सगळ्याजणी, पाहून जा!" कुणी आलं नाही, तरी ती हसतच होती. बापूनं पोराला जवळ बोलावलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खालून वर, वरून खाली, पुन्हा पुन्हा. पाठ कोरडी आहे ना हे बघावं तसा. मीही त्या दिवशी खूप खूश होते. सर पाखरांचे डबे घेऊन नागपूरला गेले.

याडीच्या वावराला विहिरीचं ओलीत होतं, म्हणून तिची कपाशी सगळ्यांच्या आधी फुलावर आली. त्या पंचक्रोशीत पहिली फुलं तिचीच. आणि फुलं आली ती मिटलेली. गुलाबाच्या कळीसारखी, पाकळ्या टोकाला एकमेकींत गुंतलेल्या. आमच्याकडं त्याला डोमकळी म्हणतात. मी एक उघडली, आत अळी. दुसरी उघडली, अळी. धुऱ्यापासून विहिरीपर्यंत मी चालत गेले आणि जिथं हात घातला तिथं अळी.

ही अळी कुणाची, हे कोण सांगणार? तिच्या घरातून निघालेल्या काळ्या डोळ्यांच्या पाखरांची असेल. नाही तर चहूकडच्या गावांमध्ये, घराघराच्या भिंतीला लावलेल्या पऱ्हाटीतून निघालेल्या हजारो पाखरांची असेल. आमचं औषध खरं होतं. जिनं खाल्लं तिच्यापुरतं खरं होतं.

मी शेडवर येऊन सरांना फोन लावला. म्हटलं, फ्रिजमध्ये औषध आहे, याडीच्या एका वावराला द्या. ते समजावून सांगू लागले. फ्रिजमध्ये होती ती बोटभर बाटली. तेवढ्यात डब्यांतल्या अळ्या जेवतात, वावराची एक ओळही भिजत नाही. शिवाय अळी एकदा कळीत शिरल्यावर वरून टाकून उपयोग नाही. शिवाय उघड्या वावरात टाकायला परवानगी नाही.

"मग कधी?" मी ओरडले.

"काही वर्षं लागतील."

"वर्षं! सर, तिची डोमकळी आज आहे!"

"मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच पडलेला होता. मी फोन ठेवून दिला. रडू आलं नाही, राग आला, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं. मी याडीकडं जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती निंदत होती. विळा थांबला नाही. "हाव," म्हणाली, "तू तं पहिलेच सांगतलं होतं."

बाजाराच्या दिवशी मी दारव्ह्याला घरी गेले. अब्बा दुकान आवरत होते. बोलता बोलता म्हणाले, तांड्याचा एक पोरगा येऊन गेला, उंच, बोलत नाही असा. जुना पंप घेऊन आला होता. "वायसर सूख के पापड हो गया था. नया डाला. पानी भर के उलटा भी किया, सीधा भी किया. एक बूंद नहीं टपकता, बेटी." ते सांगताना माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी कामात कसूर ठेवली नव्हती, आणि त्याहून जास्त त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तांड्यात जायचंच होतं, जाळीतली पाखरं आणायला. गेले तर अंगणात पोरगा उभा. पाठीवर भरलेला पंप. याडी त्याच्या तोंडाला फडकं बांधत होती. आधी एक, मग त्यावर दुसरं. बाह्या खाली ओढून मनगटाशी सुतळीनं बांधल्या. माझ्याकडं बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी दाराकडं दाखवलं.

बापू दारात येऊन बसला होता. उंबऱ्याला टेकून, तोंड अंगणाकडं. त्याच्या सदऱ्यावर त्याही वेळी एक-दोन पाखरं होती. पोरगा त्याच्यापासून पाच हातांवर, श्वास धरून उभा. एवढंच करायचं होतं, की न बोलता, न वाजता, शपथ घालणाऱ्या बापासमोरून निघून जायचं. मीही पाय हलवला नाही. अख्खं घर एका आंधळ्या माणसाला आपण इथं नाही असं भासवत होतं. आणि फवारणीच्या विषाचा वास सगळ्या अंगणात भरला होता.

बापूनं मान वर केली. नाकपुड्या हलल्या. याडीनं पदर तोंडात कोंबला. मग त्यानं चेहरा थोडा डावीकडं वळवला, थोडा उजवीकडं, गालावर काहीतरी अजमावत असल्यासारखा.

"वारा विहिरीकडून येऊन राह्यला," तो म्हणाला. "पाठ तिकडं ठेवजो, बेटा."

पोरगा जिथं उभा होता तिथंच वळला, आणि विहिरीकडं पाठ केली.